निळ्या नदीचं भाषांतर

पडद्यावर मूकपटाची पहिली पाटी आली आणि माझ्या हातातल्या कागदांचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मला एका नजरेत कळलं.

पडद्याच्या डाव्या बाजूला एका लाकडी खुर्चीवर मी बसले होते. पुढ्यात मायक्रोफोन, टेबलावर छोटा दिवा आणि दिव्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं माझं भाषांतर. समोर अंधारात मिरजेतली झाडून सगळी शहाणी माणसं. रविवारची सकाळ होती. स्टेशन रोडवरच्या त्या टॉकीजमध्ये एरवी त्या वेळी झाडलोट चालायची.

पाटीवरच्या अक्षरांवर टिंबं होती. जर्मनमध्ये काही स्वरांच्या डोक्यावर दोन टिंबं असतात, एवढं मला नक्की येत होतं. पण ही टिंबं लांबट होती आणि एका बाजूला कललेली होती. आधी मी स्वतःची समजूत घातली, की सिनेमा जुना आहे, शाई ओघळली असेल. मग शब्द वाचायला गेले, तर एकही ओळखीचा निघेना. ‘आणि’, ‘तो’, ‘ती’ हे शब्द कुठलीही भाषा शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच भेटतात. तेही कुठे दिसेनात.

ते जर्मन नव्हतंच.

त्या वेळी मी एकवीस वर्षांची होते. पुण्याला राहून जर्मनचं पहिलं वर्ष पुरं केलेलं, आणि पुढच्या वर्षासाठी अप्पांच्या मागं लागलेली. अप्पा म्हणजे माझे वडील, बिरनाळे औषधवाले. मिशन हॉस्पिटलच्या समोर त्यांचं दुकान होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. मी पुण्याला होते ते वर्ष त्यांनी खानावळीच्या डब्यावर काढलं आणि त्यात ते निम्मे झाले, असं शेजारच्या काकू म्हणायच्या. अप्पांना विचारलं तर म्हणायचे, “डब्यातली आमटी चांगली असते.”

“एक वर्ष झालं की शिकून,” ते मला सांगायचे. “आता त्या जर्मनीचं काय लोणचं घालणार हाईस?”

“अप्पा, एका वर्षात नुसतं ‘माझं नाव विजयमाला’ एवढंच येतं.”

“मग बास झालं की. नाव सांगता आलं तर आणि काय पायजे?”

दरम्यान त्यांनी जयसिंगपूरचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. तंबाखूच्या वखारीचा धंदा, घर मोठं, मुलगा निर्व्यसनी. तंबाखूच्या घरातला मुलगा निर्व्यसनी, याचं अप्पांना फार कौतुक वाटायचं. मला त्या मुलाबद्दल काही तक्रार नव्हती. मला फक्त पुणं हवं होतं.

आणि अशात टेंबेकाका दुकानात आले.

वसंतराव टेंबे विमा कचेरीत कारकून होते, पण ते त्यांचं नुसतं पोटापाण्याचं काम. खरे ते मिरज फिल्म सोसायटीचे चिटणीस. जगातल्या एकूण एक दिग्दर्शकांची नावं त्यांना तोंडपाठ होती आणि ती घेताना ते डोळे मिटायचे. त्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं होतं, की सोसायटीनं एक मूकपट दाखवायचा, तोही पेटी-तबल्याच्या साथीवर, जसा पूर्वी दाखवत तसा. सिनेमाही ठरवून झाला होता. व्हिएन्नाच्या नदीवर बांधलेली एक जगप्रसिद्ध नाचाची चाल आहे. नाव मी सांगत नाही, पण आमच्याकडे लग्नाच्या वरातीतले बँडवालेसुद्धा ती वाजवायचे, तेव्हा तुम्हीही ऐकलेली असणारच. त्याच नावाचा एक जुना जर्मन सिनेमा होता. टेंबेकाकांनी त्याला ‘निळी नदी’ म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच तसं म्हणू लागले.

“माला, पाट्या जर्मनमध्ये आहेत,” ते म्हणाले. “मुंबईच्या एका जर्मन संस्थेनं सगळ्या टाईप करून पाठवल्यात. तू त्यांचं मराठी कर आणि सिनेमा चालू असताना वाच. मिरजेत जर्मन येणारी तू एकटीच.”

“तिला कुठं येतंय?” अप्पा गल्ल्यावरून म्हणाले.

“येतं,” मी म्हणाले.

“येतं का न्हाई ते कुणी बघायचं?”

इथं टेंबेकाकांनी उत्साहाच्या भरात माझा घात केला. “सांगलीचे भूपाल मगदूम येणार आहेत ना प्रमुख पाहुणे म्हणून. इंजिनियर आहेत. तीन वर्षं जर्मनीत कारखान्यात होते. ते सांगतील.”

अप्पांनी औषधाची बाटली फडक्यानं पुसून कपाटात ठेवली. मग माझ्याकडे वळले.

“झालं तर मग. मगदूम साहेबानं सांगितलं हिला येतंय, तर ही पुण्याला. न्हाई म्हणाला, तर जयसिंगपूरला.”

“शब्द?” मी विचारलं.

“बिरनाळ्याचा शब्द हाय.”

त्यानंतरचे दिवस मी औषधांच्या वासात शब्दकोश मांडून बसले. गोष्ट मोठी झकास होती. काउंट लिओपोल्ड नावाचे एक उमराव, मित्सी नावाची नर्तकी, काउंटांचा एक दुष्ट चुलतभाऊ, पिस्तुलांचं द्वंद्व आणि शेवटी राजवाड्यात नाच. प्रत्येक पाटीचं मी दोन-दोनदा भाषांतर केलं. ‘काउंट मान डोलावतात’ या एका वाक्यासाठी अर्धा दिवस घातला. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या एका बाईंना मी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, आणि अप्पा म्हणाले, “तुझी जर्मनी माणसं मारणार.”

सिनेमाचे डबे दिल्लीच्या एका संस्थेकडून रेल्वे पार्सलनं आले ते शनिवारी. आधी चालवून बघायला वेळच नव्हता. टेंबेकाकांनी एक डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाले, “अस्सल.”

पुढं कधीतरी उलगडा झाला तो असा. दिल्लीला पाठवलेल्या पत्रात टेंबेकाकांनी सिनेमाचं नाव लिहिलं होतं, देश लिहिला नव्हता. एवढ्या प्रसिद्ध नावाला देश कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण त्या एका नावाचे सिनेमे त्या काळी युरोपात कुणी कुणी काढले होते. ती नदी बऱ्याच देशांतून वाहते, त्यामुळे ती आपलीच, असं प्रत्येकाला वाटणारच.

तर मी पाटी बघत होते. लोक माझ्या वाचण्याची वाट बघत होते. पडद्याखाली बसलेल्या शिरहट्टी अण्णांनी पेटीवर ती प्रसिद्ध चाल धरली होती. तबल्यावर रशीदभाई होते. ह्या नाचाला तीन-तीन मात्रांची चाल असते, असं टेंबेकाकांनी त्यांना मोठ्या गंभीरपणे समजावलं, तेव्हा रशीदभाई म्हणाले होते, “म्हणजे दादराच की ओ. एवढं जर्मनीपर्यंत कशाला जायचं?” दादरा छान लागला होता. फक्त मीच गप्प होते.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी कागदावरचं वाचलं.

“व्हिएन्ना शहर. काउंट लिओपोल्ड यांचा राजवाडा.”

पडद्यावर नदीत तरंगणारी एक लाकडी पिठाची गिरणी आली. काठावर बदकं होती. गिरणीच्या दारातून डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेला एक माणूस लगबगीनं बाहेर आला. जुन्या सिनेमातली माणसं सगळीच लगबगीनं चालतात. त्यानं बदकांना हाकललं.

“हे काउंट लिओपोल्ड,” मी म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. टेंबेकाका वाकून, जवळजवळ रांगत माझ्याजवळ आले. मी मायक्रोफोनवर हात ठेवला.

“काउंट कुठायत?” त्यांनी विचारलं. “हा पीठवाला कोण?”

“काका, ही जर्मन नाही. दुसरीच भाषा आहे.”

“जुनं जर्मन असेल,” ते म्हणाले. “तू वाच. आता थांबलीस तर घोरपडे सर मला जिवंत ठेवणार नाहीत.” आणि ते आले तसेच रांगत गेले.

घोरपडे सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सोसायटीच्या प्रत्येक खेळाला ते यायचे आणि प्रत्येक खेळानंतर सोसायटी बंद करावी असं म्हणायचे. पण मला घोरपडे सरांची भीती नव्हती. मी थांबले असते, दिवे लावायला सांगून खरं सांगितलं असतं, तर टेंबेकाकांचं फार तर हसं झालं असतं. पण तिसऱ्या रांगेत अप्पा बसले होते. आज हिला वाचता आलं नाही, एवढंच त्यांना दिसलं असतं. भाषा कुठली होती याची चौकशी त्यांनी नंतर जयसिंगपूरला अक्षता पडल्यावर केली असती.

आणि पहिल्या रांगेत मधोमध मगदूम बसले होते. चाळिशीचे, अंगानं भरलेले, टाय लावलेले. शेजारी त्यांची बायको, रत्नावहिनी. आता हा माणूस उभा राहणार, हे जर्मन नाही म्हणून सांगणार आणि सगळं उघड होणार, या तयारीनं मी त्यांच्याकडे बघितलं. एका परीनं सुटकाच होती ती. एवढा मोठा माणूस म्हणाला असता, तर अप्पांना पटलंही असतं.

दुसरी पाटी आली. मगदूम साहेबांनी ती वाचली आणि मान डोलावली.

तिसरी आली. त्यांनी पुन्हा मान डोलावली. चौथीला तर ते कुणाच्याही आधी गालात हसले आणि वहिनींच्या कानात काही बोलले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या माणसाला जर्मनचा ‘ज’ येत नव्हता. तीन वर्षं तिथं नुसते नटबोल्ट पिळले असतील आणि इकडे येऊन टाय लावून प्रमुख पाहुणे होत असतील. मला हसूही आलं आणि संतापही आला, पण खरं सांगायचं तर सगळ्यात आधी जिवात जीव आला. ज्याला काही येत नाही, तो मला काय पकडणार?

मी कागद पालथे घातले.

“काउंट लिओपोल्ड,” मी मायक्रोफोनमध्ये म्हणाले, “राजवाड्याला कंटाळून, वेश पालटून या गिरणीत राहायला आले आहेत.”

“आं?” असा एक मोठा उद्गार निघाला आणि मग लोक खुशीत मागं टेकले. वेश पालटलेला राजा आपल्या माणसांना नवीन नाही. कीर्तनातून, तमाशातून, सगळीकडून त्यांनी तो पाहिलेला. काउंटांवर पीठ का आहे, हे मग कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मी पाट्या वाचणंच सोडलं आणि चेहरे वाचायला लागले. आमच्या काउंटांना, म्हणजे त्या गिरणीवाल्याला, एक मुलगी होती, तिला मी मित्सी केलं. ती नाचायची कधीच नाही, सारखी गिरणीच्या काठावर उभी राहून नदीच्या खालच्या अंगाला बघायची. एक शिपाई आला, त्यानं तिला एक चित्र दाखवलं. त्यात मोठं शहर होतं. आता अशी मुलगी काय बोलेल, हे मला कुणी टाईप करून पाठवायची गरजच नव्हती.

“बाबा, मला शहरात जायचं आहे,” मी म्हणाले.

गिरणीवाल्यानं पोतं खाली टाकलं.

“एकदा जाऊन आलीस ना?” मी त्याच्या वतीनं म्हणाले. “आता पुन्हा कशाला?”

“एकदा जाऊन नुसतं नाव सांगता येतं, बाबा.”

“नाव सांगता आलं तर आणि काय पाहिजे?”

हे मी ठरवून करत नव्हते. पाटी आली की मुलीचं तोंड हलायचं, मग बापाचं हलायचं, आणि जे वाक्य माझ्या तोंडात तयार असायचं ते बाहेर पडायचं. अण्णांनीही नाचाची चाल केव्हाच सोडली होती आणि पेटीवर काहीतरी आर्त धरलं होतं. रशीदभाई मात्र इमानानं दादऱ्यावरच होते. बाप मुलीला समजावत होता, मुलगी बापाला. तिसऱ्या रांगेकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग धक्क्याला एक मोठी नाव लागली. मुलगी गाठोडं घेऊन तिच्यावर चढली. बाप धावत आला, काठावर थांबला, पीठ माखलेल्या तोंडावरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या आणि तो दोन्ही हात हलवायला लागला. पाटी आली. तिच्यावर एकच शब्द होता.

“जा,” मी म्हणाले. “जा, पोरी.”

“थांबा, थांबा,” अंधारातून घोरपडे सरांचा आवाज आला. ते उभेच राहिले होते आणि त्यांची सावली पडद्यावर पडली होती. “अहो, तो माणूस ‘नको, नको’ म्हणून हात हलवतोय. आणि तुम्ही ‘जा’ म्हणता? आम्हाला डोळे आहेत.”

पेटी थांबली. सर म्हणत होते ते खरं होतं. हात तसेच हलत होते.

“बरोबर आहे ती म्हणते ते,” पहिल्या रांगेतून मगदूम म्हणाले. मागं न वळता, सावकाश. “जर्मन माणूस ‘जा’ म्हणताना असाच हात हलवतो. मी स्टुटगार्टच्या स्टेशनात रोज बघितलंय.”

प्रमुख पाहुण्यांपुढे काय बोलणार? सर खाली बसले. पेटी पुन्हा सुरू झाली. थापा मी मारत होते हे कबूल, पण मी नाइलाजानं मारत होते. हा गृहस्थ पदरचं घालून मारत होता.

पुढचं सारं सुखरूप पार पडलं. मुलगी शहरात पोचली, तिथं सगळे नाचत होते, अण्णांना नाचाची चाल आठवली आणि तिच्यावर सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. टेंबेकाकांनी डोळे मिटून एका दिग्दर्शकाचं नाव घेतलं. ह्या सिनेमाचा तो नव्हता, पण त्या दिवशी तेवढ्यानं काही बिघडणार नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात चहा होता. मगदूम आणि रत्नावहिनी एका बाजूला उभे होते, टेंबेकाका त्यांच्याभोवती घोटाळत होते. अप्पा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. चहा घ्यायचंही मला सुचलं नाही.

“साहेब,” अप्पा म्हणाले, “एक विचारायचं हाय.”

“विचारा की.”

“त्यो गिरणीवाला. शेवटाला त्यो ‘जा’ म्हणाला, ते खरं का? का हिनं मनाचं घातलं?”

हिला जर्मन येतं का, असं विचारतील म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. हे मला अपेक्षित नव्हतं. मगदूम साहेबांनाही नसावं. त्यांनी कप खाली ठेवला.

“म्हणाला,” ते म्हणाले. “पाटीवर तसंच होतं.”

“रडत व्हता की.”

“रडत होता. आणि जा म्हणत होता.”

अप्पांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. “मग पोरगीला जर्मन येतंय म्हणायचं.”

“बिरनाळे, आज तिनं जे केलं ते मला तीन वर्षांत जमलं नसतं. पाठवा तिला पुण्याला.”

म्हणजे मला पुणं मिळालं. मी आनंदानं वेडी व्हायला हवी होते. पण माझं डोकं फिरलं. एका भोंदू माणसानं, ज्याला जर्मन आणि चिनी यांतला फरक कळत नव्हता, त्यानं मला जर्मन येतं म्हणून शिक्का मारला होता, आणि वर अप्पांसमोर शहाजोगपणे उभा होता. तीन वर्षं त्या देशात राहायला मिळून हा काही शिकला नाही, आणि मी एका वर्षासाठी मिनतवाऱ्या करतेय. मला त्याचा खरोखरच राग आला.

तेवढ्यात टेंबेकाका म्हणाले, “माला, साहेबांचे आभार मान. अगं, जर्मनमधून मान. दोन वाक्यं होऊन जाऊ देत.”

सगळे गोल करून उभे राहिले. घोरपडे सरसुद्धा आले. मी मगदूम साहेबांना दोन्ही हात जोडले, चेहरा शक्य तितका गोड केला आणि माझ्या एका वर्षाच्या जर्मनमध्ये, ठणठणीत आवाजात म्हणाले,

“आपली आभारी आहे. ते जर्मन नव्हतं. दास एझेल निक्ट आउख.”

शेवटच्या वाक्याचा अर्थ, मान तर गाढवही डोलावतं. ‘डोलावणे’ या क्रियापदावर मी अर्धा दिवस घातला होता, तो असा कामी आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेंबेकाका म्हणाले, “काय गोड भाषा आहे.” मगदूमही टाळ्या वाजवत होते. मग ते थांबले आणि जरासे वाकून, शाळेत सांगतात तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाले,

“डेअर एझेल.”

मला आधी कळलंच नाही.

“डेअर,” ते पुन्हा म्हणाले. “दास नाही. डेअर एझेल निक्ट.”

मराठीत गाढव नपुंसकलिंगी. ते गाढव. म्हणून मी बिनदिक्कत ‘दास’ लावून त्याला जर्मनमध्येही नपुंसकलिंगी करून टाकलं होतं. जर्मनमध्ये तो असतो. तो गाढव. आणि समोरच्या गाढवाला हे ठाऊक होतं.

माझे जोडलेले हात तसेच राहिले. मगदूम पुढं बोलत होते, मला समजावं म्हणून सोपे सोपे शब्द निवडून, आणि इतकं स्वच्छ जर्मन मी पुण्यातसुद्धा ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, ती हंगेरीची भाषा आहे. पहिल्या पाटीलाच मी ओळखली. तुमची गोष्ट मला आवडली. पण पुण्याला जाऊन व्याकरण शिका. नुसत्या धिटाईवर फार दिवस चालत नाही.

हे सगळं एवढ्या प्रसन्न चेहऱ्यानं, की बघणाऱ्याला वाटावं, कौतुकच चाललंय. रत्नावहिनी शेजारी उभ्या राहून पदराआड हसत होत्या. सिनेमा चालू असताना त्यांच्या कानात काय सांगितलं गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं. लाजेनं मला धरणी ठाव देईना.

असं का केलंत, हे मी त्यांना पुढं एकदा सांगलीला त्यांच्या घरी विचारलं. वहिनींनीच सांगितलं. “ह्यांनी तिथं पहिलं वर्ष काय केलं माहितीये? नुसतं ‘या, या’, म्हणजे आपलं ‘हो, हो’. फोरमननं काही विचारलं की ह्यांच्या शेजारच्या यंत्रावरचा हंगेरीचा म्हातारा उत्तर द्यायचा.” मगदूम म्हणाले, “त्या म्हाताऱ्यालाही जर्मन यथातथाच यायचं. माझ्या नावावर काय काय सांगायचा देव जाणे. पण त्यानं मला एकदाही उघडं पाडलं नाही.” नंतर मी बरीच वर्षं जर्मन शिकवलं, आणि वर्गात कुणी काही न कळता मान डोलावली, तर त्याला त्या तासाला प्रश्न विचारला नाही.

पण त्या सकाळी, व्हरांड्यात, अप्पा माझ्याकडे बघत होते.

“काय म्हणाले गं?”

सगळे बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर खरं जर्मन आलं होतं आणि त्यातला शब्दन्‌शब्द मला कळला होता.

“म्हणतात, अजून खूप चुका होतात. पुण्याला जाऊन नीट शिकून ये.”

अप्पांनी मगदूम साहेबांकडे बघितलं. “असंच म्हणालात?”

“शब्दाला शब्द,” मगदूम म्हणाले.

“लई चुका हाईत?”

“आहेत.”

“एका वर्षात सुधरंल?”

मी एकच वर्ष मागत होते. त्याहून जास्त मागायची कल्पनाही मी कधी केली नव्हती. मगदूम साहेबांनी माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “छे. तीन तरी लागतील.”

“तीन,” अप्पा म्हणाले.

टेंबेकाका मगदूम साहेबांना घेऊन डबे दाखवायला गेले. माणसं पांगली. अप्पांनी माझ्यासाठी चहाचा एक कप आणला, माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडे तोंड करून माझ्याशेजारी उभे राहिले. जयसिंगपूर आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर होतं. दुकान बंद करून निघालं तर लेकीच्या हातचं जेवून रात्री परत येता आलं असतं. त्या स्थळात एवढं काय चांगलं होतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

“माला,” ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, “एवढ्या चुका कशाला करतीस गं?”